खाताना एकत्र, फेडताना विभक्त

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र उगवते. मधोमध दहा कंपन्यांची नावे, आणि तिथून फुटलेल्या रेषांच्या टोकांना शेकडो ब्रँड: बिस्किटे, साबण, कॉफी, सरबते, कुत्र्यामांजरांचे खाणे. खाली एक ओळ, ‘जग हेच चालवतात’. पुढचे भांडण आता सगळ्यांना पाठ झाले आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका लिहितात की सगळे आधीच ठरलेले असते, निवडणुका हा नुसता देखावा. हिंजवडीला नोकरी करणारा एक तरुण उत्तर देतो, ‘काका, असली फॉरवर्ड्स थांबवा. नको असेल तर घेऊ नका, बाजार आहे तो.’ मग कोणी ईस्ट इंडिया कंपनी काढते, कोणी स्वदेशीचा झेंडा लावते, कोणी उद्या पाण्याचा टँकर किती वाजता येणार ते विचारते आणि विषय संपतो. वर्तमानपत्रांतले आणि वाहिन्यांवरचे वाद याहून फार वेगळे असतात असे मला वाटत नाही. तिथे फक्त टँकर नसतो.

काका आणि तो तरुण एकमेकांवर चिडतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. सत्ता म्हणजे कोणीतरी बंद खोलीत बसून हुकूम सोडणे, असे दोघेही धरून चालतात. काकांना ती खोली दिसते, तरुणाला दिसत नाही, एवढाच फरक. माझे म्हणणे असे की खोली शोधत बसण्याची गरजच नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांची सत्ता खरी आहे, आणि ती नोंदणी कार्यालयांतल्या कागदांवर उघड लिहिलेली आहे. एकच उद्योगसमूह कायद्याच्या लेखी शेकडो स्वतंत्र कंपन्यांत विभागलेला असतो. नफा वर चढवायचा असतो, निर्णय खाली पाठवायचे असतात, तेव्हा ते सगळे एक घर असते. कर भरायची, भरपाई द्यायची, सांडलेले विष उचलायची वेळ आली की त्याच घराचे वाटणीपत्र बाहेर निघते आणि जो तो म्हणतो, आमची चूल वेगळी. या वाटणीपत्रावर सही मात्र सरकारांची असते.

आधी अशा फॉरवर्ड्सना हसणाऱ्यांचे जे खरे आहे ते मान्य करू. ‘१४७ कंपन्या जगावर राज्य करतात’ हे वाक्य जिथून निघाले तो अभ्यास चांगला होता, पण तो असे म्हणत नव्हता. झुरिचच्या ईटीएच या संस्थेतल्या स्टेफानिया व्हिताली, जेम्स ग्लाटफेल्डर आणि स्टेफानो बातिस्तोन यांनी २०११ मध्ये ४३,०६० बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मालकीचे जाळे मांडले. त्यात एकमेकींचे शेअर धरून बसलेल्या १४७ कंपन्यांचा एक घट्ट गाभा निघाला, आणि त्यांच्या गणितानुसार या कंपन्यांच्या एकूण आर्थिक मूल्यावरचे सुमारे ४० टक्के नियंत्रण त्या गाभ्याकडे जात होते. गाभ्यातल्या तीन चतुर्थांश कंपन्या वित्तीय क्षेत्रातल्या होत्या. शेअर हातात असणे म्हणजे हुकूम चालवणे नव्हे, हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. त्याहून मजेची गोष्ट अशी की अभ्यासातली आकडेवारी २००७ ची होती आणि जगाच्या या तथाकथित राज्यकर्त्यांत लेहमन ब्रदर्सचेही नाव होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमनने दिवाळखोरी जाहीर केली. जग चालवणाऱ्यांना स्वतःची पेढी चालवता आली नाही! कटाच्या सिद्धांताला याहून मोठा टोला कोणता?

पण हा टोला हाणून हसणारे तिथेच थांबतात, आणि खरा प्रश्न नेमका तिथून पुढे सुरू होतो. लेहमन बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला एआयजी या विमा कंपनीसाठी ८५ अब्ज डॉलरचे कर्ज उभे करावे लागले, कारण एआयजी बुडाली असती तर तिच्या हमीवर उभ्या असलेल्या साऱ्या बँका तिच्यामागे गेल्या असत्या. ज्याला बुडू देणे सरकारला परवडत नाही, त्याच्याकडे सत्ता नाही असे कसे म्हणायचे? त्यासाठी त्याने काही ठरवावे लागत नाही, कोणाला फोन करावा लागत नाही. गावातल्या सगळ्या विहिरींवर एकाच सावकाराचे गहाण असेल, तर तो सावकार दुष्ट आहे की देवमाणूस, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे मोठे भागधारक कोण? ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड, स्टेट स्ट्रीट, लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या तीन अमेरिकन फंड कंपन्या. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले की या तिघींचे भाग एकत्र मोजले, तर ‘एस अँड पी ५००’ या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातल्या ८८ टक्के कंपन्यांत त्याच सर्वांत मोठ्या भागधारक ठरतात. पण त्यांच्याकडचा पैसा त्यांचा नाहीच. तो शिक्षकांच्या पेन्शनचा आहे, नर्सच्या बचतीचा आहे, आणि आता पुण्या-नाशिकच्या एसआयपीवाल्यांचाही काही प्रमाणात असेल. मग राज्य कोणाचे, कंपन्यांचे की शिक्षकांचे? आक्षेप चतुर आहे, पण पैसा आणि मत या दोन गोष्टी तो एकत्र कालवतो. जोखीम शिक्षिकेची असते, भागधारकांच्या सभेतले मत फंडाचे असते. तिला वर्षातून एकदा एक पीडीएफ येते. विकास सोसायट्या आणि साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्या महाराष्ट्राला तरी हे समजावून सांगायला नको: सभासद हजारो असतात, आणि ठराव कोण मंजूर करून घेते तेही सगळ्यांना माहीत असते.

हे वाटणीपत्र कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे. कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व ज्या खटल्याने पक्के केले तो १८९६ सालचा, लंडनमधल्या ॲरन सालोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याचा. त्याने आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, कंपनी बुडाली, आणि कंपनीचे कर्ज हे सालोमनचे कर्ज नव्हे असा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला. एका चांभाराचे घरदार धंद्याबरोबर बुडू नये, हा विचार माणुसकीचाच होता. मर्यादित जबाबदारी नसती तर रेल्वे झाल्या नसत्या, गिरण्या झाल्या नसत्या, धोका पत्करून कोणी नवे काही उभारलेच नसते, हे मी मनापासून मान्य करतो. पण त्याच सुमारास, १८८९ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने आणखी एक दार उघडले: एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर धरायला मुभा दिली. हाडामांसाच्या माणसासाठी शिवलेली ढाल आता कंपनीने कंपनीपुढे धरायची, तिने तिसरीपुढे. चांभाराचे घर वाचवणारा नियम अशा रीतीने शंभर मजल्यांच्या इमारतीला लागू झाला. या दुसऱ्या पायरीचे नैतिक समर्थन मला आजवर कोणी नीट करून दाखवलेले नाही. सोयीचे समर्थन भरपूर ऐकले आहे.

या इमारतीचा तळमजला पाहायचा असेल तर भोपाळला जावे लागते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो कारखाना मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू ओकला, तो युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा होता. तिच्यात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. पन्नास टक्क्यांच्या वरचे हे पाऊण-एक टक्के कशासाठी? नियंत्रणासाठीच. भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात म्हणणे मांडले की बहुराष्ट्रीय समूह ही एकच अखंड संस्था असते, तिच्या धोकादायक उद्योगाची जबाबदारीही अखंड असली पाहिजे. कंपनीचे उत्तर: ती भारतातली वेगळी कंपनी आहे, तिचे तिने पाहावे. न्यायाधीश जॉन कीनन यांनी १९८६ मध्ये खटला भारतात पाठवला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारने मागितले होते त्याच्या साधारण सातवा हिस्सा. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. हे एका अर्थी समजण्यासारखे आहे, खरेदीदार जुने झेंगट कशाला अंगावर घेईल? पण त्याच युनियन कार्बाइडवर अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचे दावे होते, आणि त्यांच्यासाठी २००२ मध्ये २.२ अब्ज डॉलरची तरतूद हिशेबात दाखवली गेली. अमेरिकेतले जुने देणे वारसाने आले, भोपाळचे आले नाही.

यावर कोणी म्हणेल, १९८४ ही जुनी गोष्ट झाली, आणि त्यात आपल्या सरकारचा दुबळेपणा कंपनीइतकाच होता. दुसरे खरे आहे. पहिल्यासाठी दाभोळ घेऊ, कारण ते आपल्या दारातले. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा वीज प्रकल्प आपल्याला आठवतो तो राजकारणामुळे: १९९३ चा करार, १९९५ चे सत्तांतर, प्रकल्प ‘अरबी समुद्रात बुडवण्या’च्या घोषणा आणि पुढच्याच वर्षी झालेला नवा करार. डॉलरशी बांधलेले दर, वीज घेतली नाही तरी भरावा लागणारा स्थिर आकार, राज्याच्या हमीवर केंद्राची प्रतिहमी, या सगळ्यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ उजाडेपर्यंत राज्य वीज मंडळाला बिले भरणे अशक्य झाले. त्याच वर्षी २ डिसेंबरला खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. इथवरची कथा सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती बहुतेक वेळा ‘बघा, कंपनीच बुडाली’ असे म्हणून संपवली जाते. तिचा बोधप्रद भाग मात्र नंतरचा आहे. प्रकल्पात जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्यांचे भाग होते. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा करार नव्हताच, तेव्हा त्या भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे कोणत्या आधारावर खेचणार? आधार निघाला मॉरिशसचा. त्यांचे भाग मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपन्यांमार्फत धरलेले होते, आणि मॉरिशसशी भारताचा तसा करार होता. टर्बाइन अमेरिकेच्या, इंजिनिअर अमेरिकेचे, दावा मॉरिशसचा. २००५ मध्ये तडजोडी करून हे दावे मिटवले गेले. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी माणसे आहेत, तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्या बेटाशी आपला याहून महागडा संबंध आहे हे किती जणांना माहीत असते?

व्होडाफोनची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, म्हणून दोन वाक्यांत. ग्राहक भारतात, टॉवर भारतात, परवाने भारत सरकारचे, आणि २००७ मध्ये हचिसनचा हा मोबाइल धंदा व्होडाफोनने घेण्याचा सुमारे ११ अब्ज डॉलरचा व्यवहार झाला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकुलता एक शेअर हस्तांतरित करून. मुंबई उच्च न्यायालयाने कर मागण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला होता, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो निर्णय फिरवला. मग सरकारने मागच्या तारखेने कायदा बदलला, आणि इथे मी कंपनीच्या बाजूने उभा आहे. खेळ संपल्यावर नियम बदलणे ही मनमानी होती, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात भारत हरला आणि २०२१ मध्ये ती तरतूद मागे घ्यावी लागली. सरकारे लहरी वागतात, म्हणूनच गुंतवणूकदार संरक्षण मागतात, हा प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो आपणच आपल्या हाताने भक्कम केला आहे. फक्त तो संरक्षणाचा मुद्दा आहे, वाटणीपत्राचा नव्हे. कोणाही गुंतवणूकदाराला न्याय्य वागणूक मिळावी, पण त्यासाठी त्याला सोयीप्रमाणे देश बदलू का द्यावा? नागरिकांना अशी मुभा कुठे असते?

‘पण शेवटी सरकारच वरचढ असते ना?’ तरुणाचा हा प्रश्न ग्रुपवर नेहमी येतो, आणि १९७७ मध्ये कोकाकोला देश सोडून गेली, २०२० मध्ये टिकटॉक एका आदेशाने बंद झाले, ही त्याची उदाहरणे बिनतोड असतात. बाजारपेठ मोठी असली की सरकारचा हात भारी असतो, हे कबूल. लहान देशांचे काय? ऑस्ट्रेलियाने सिगारेटच्या पाकिटांवरून आकर्षक वेष्टने हटवायचे ठरवल्याचे २०१० मध्ये जाहीर केले. फिलिप मॉरिसने २०११ च्या सुरुवातीला आपल्या ऑस्ट्रेलियातल्या धंद्याची मालकी हाँगकाँगमधल्या आपल्याच कंपनीकडे वळवली आणि हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया कराराखाली दावा ठोकला. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने तो हक्काचा गैरवापर म्हणून फेटाळला. म्हणजे कंपनी हरली. पण शेजारच्या न्यूझीलंडने स्वतःचा तसाच कायदा या निकालाची वाट पाहत थांबवून ठेवला होता. हरलेल्या दाव्याने दुसऱ्याच एका देशाची संसद थोपवून धरली. आणि आयर्लंडचे काय म्हणावे? युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये सांगितले की ॲपल तुम्हाला १३ अब्ज युरो कर देणे लागते. ज्या ‘मुख्य कार्यालया’च्या नावे नफा दाखवला ते कोणत्याच देशात नव्हते, नुसते कागदावर होते. आयोगाच्या हिशेबाने २०१४ मध्ये त्या नफ्यावर प्रत्यक्ष कर बसला ०.००५ टक्के. आयर्लंडचे सरकार ॲपलच्या शेजारी उभे राहून न्यायालयात गेले, की हा पैसा आम्हाला नको. सप्टेंबर २०२४ मध्ये तो घ्यावाच लागला. आपल्याच तिजोरीत येणाऱ्या पैशाविरुद्ध आठ वर्षे भांडणारे सरकार वरचढ म्हणायचे का?

आता ईस्ट इंडिया कंपनी. हे उदाहरण आपण इतके वापरले आहे की त्याची धार गेली. आजच्या कंपन्यांकडे फौज नाही, किल्ले नाहीत, त्यामुळे ‘पुन्हा कंपनी सरकार’ म्हणणाऱ्याला हसणे सोपे जाते. शिवकाळानंतर रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सावध केले होते, की हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राज्ये आहेत. तो इशारा खरा ठरला, पण आपल्या विषयासाठी मला त्याहून बंगालची एक गोष्ट जवळची वाटते. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने कंपनीला फर्मान दिले: वर्षाला ३,००० रुपये भरा आणि बंगालमध्ये जकातीशिवाय आयात-निर्यात करा. सवलत कंपनीच्या मालाला होती आणि तिचा कागद म्हणजे ‘दस्तक’. लवकरच कंपनीचे नोकर त्याच दस्तकावर स्वतःचा खाजगी व्यापार करू लागले, आणि पुढे दस्तके देशी व्यापाऱ्यांनाही विकू लागले. एकाला दिलेली सवलत ज्याच्या हाती कागद त्याची झाली. इमानदारीने जकात भरणारा स्थानिक व्यापारी मात्र दस्तकवाल्यापुढे टिकेना. हे मॉरिशसशी असलेल्या दुसऱ्या, करविषयक करारात जसेच्या तसे घडले. १९८२ चा करार दोन देशांत एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून होता. प्रत्यक्षात पोर्ट लुईस या तिथल्या राजधानीत एक पत्ता घेणारा जगातला कोणीही त्याखाली येऊ लागला. भारतातलाच पैसा बाहेर जाऊन टोपी बदलून परत येऊ लागला, तो निराळाच.

नवाब मीर कासिमने यावर काय केले ते तर फार शिकण्यासारखे आहे. तक्रारी करून थकल्यावर १७६३ मध्ये त्याने सगळ्याच व्यापाऱ्यांची जकात उठवली. कंपनीला नाही तर कोणालाच नको, सगळे सारखे! तुम्हाला मुक्त व्यापार हवा होता ना, घ्या. कंपनीने हे स्वागतार्ह मानले का? तिने युद्ध केले. बक्सारची लढाई १७६४ ची, आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणीच कंपनीकडे आली. यात दोन गोष्टी दिसतात. सवलत घेणाऱ्याला बाजार मोकळा नको असतो, त्याला इतरांहून वेगळी वागणूक हवी असते. आणि त्रासलेल्या राज्याची सहज प्रतिक्रिया म्हणजे सगळ्यांचाच कर उठवणे, जी आजही दिसते. कर चुकतो म्हणून कर कमी करा, मग शेजारचा आणखी कमी करतो, असे करत मीर कासिमांची रांग लागते. कंपनीकरासाठी किमान १५ टक्क्यांची रेषा आखू म्हणून २०२१ मध्ये १३६ देशांनी होकार भरला तो ही रांग तोडण्यासाठी, आणि अमेरिकेने २०२५ मध्ये त्यातून अंग काढल्यावर आपल्या कंपन्यांसाठी वेगळी वागणूक मागितली. दस्तकच ते.

इथे स्वदेशीवाल्यांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण हा वाद बिघडवण्यात त्यांचाही वाटा आहे. १९३० मध्ये काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभे राहून बाबू गेनूने प्राण दिले तेव्हा परदेशी माल ओळखता येत होता. आज कसा ओळखणार? विदर्भातल्या कापसाचे पाहा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बियाण्यांच्या पाकिटांची रंगीबेरंगी गर्दी झाली, चाळीसहून अधिक कंपन्या, बहुतेक देशी, काही तर अगदी आपल्या गावच्या. पण आतला जनुक एकाच घरचा होता. अमेरिकेची मोन्सॅन्टो आणि जालन्याची महिको यांच्या संयुक्त कंपनीने तो परवान्यावर सगळ्यांना दिला होता, आणि प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञानाचे शुल्क तिकडे जात होते. यवतमाळच्या शेतकऱ्याने कोणते पाकीट निवडले म्हणजे त्याने स्वदेशी घेतले? आणि ‘बाजार आहे, नको असेल तर घेऊ नका’ हा हिंजवडीचा सल्ला त्याला कितपत उपयोगी? त्याच्या निवडीला चाळीस रंग होते आणि आत एकच उत्तर.

बीटी कापसाने उत्पादन वाढले, बोंडअळीवरची फवारणी काही वर्षे खाली आली, हे शेतकऱ्यांनीच सांगितले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तंत्रज्ञान आणणाऱ्याला मोबदला मिळू नये असेही माझे म्हणणे नाही. प्रश्न किमतीचा होता, आणि तो सुटला कसा ते पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला, आणि मार्च २०१६ मध्ये ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात तंत्रज्ञानाचे शुल्क ४९ रुपये. आधी ते १६३ होते. कंपनीने भारतातल्या धंद्याचा फेरविचार करण्याची भाषा केली, न्यायालयात गेली. पुढच्या हंगामात पाकिटे दुकानात होतीच. त्या आदेशाने कोणाला देशाबाहेर काढले नाही, कोणाचा झेंडा जाळला नाही. चाळीस पाकिटांमागे एकच मालक आहे, हे ओळखून त्या एका जागी बोट ठेवले. (गुलाबी बोंडअळी पुढच्याच वर्षी परत आली, तेव्हा त्या जनुकाची मूळ किंमत काय होती हा वेगळा लेख होईल.)

गुंतवणूक पळून जाईल, ही भीती दाखवली जातेच. २०१६ मध्ये मॉरिशसचा करविषयक करार बदलला आणि तिथल्या कंपन्यांना भारतातल्या शेअर विक्रीच्या नफ्यावरची सूट टप्प्याटप्प्याने गेली. त्याच सुमारास पन्नासहून अधिक देशांशी असलेले जुने गुंतवणूक करार संपवण्याच्या नोटिसा भारताने दिल्या. नव्या नमुन्यात नुसता पत्ता असून चालत नाही, त्या देशात खरा धंदा असावा लागतो. परिणाम? पैशाचा मोठा ओघ सिंगापूरकडून येऊ लागला, २०१८-१९ मध्ये सिंगापूरने मॉरिशसला मागे टाकले. भारतात बाजार आहे म्हणून पैसा येत होता. मॉरिशस हा केवळ रस्ता होता. अर्थात सिंगापूरही काही अंशी रस्ताच आहे, त्यामुळे फार टाळ्या पिटायला नकोत.

मग मागायचे काय? माझा आदर्श दादाभाई नौरोजी आहेत. दादाभाईंनी गुप्त मंडळींचा शोध घेतला नाही. सरकारने स्वतः छापलेले हिशेब, आयात-निर्यातीचे तक्ते, लंडनला जाणारा ‘होम चार्जेस’चा खर्च समोर ठेवून त्यांनी दाखवले की पैसा कुठल्या वाटेने बाहेर जातो. त्या लिखाणाला उत्तर देणे राज्यकर्त्यांना जड गेले, कारण आकडे त्यांचेच होते. आज तेवढेही आपल्याला करता येत नाही. मोठे बहुराष्ट्रीय समूह कोणत्या देशात किती विक्री, किती नोकर, किती नफा आणि किती कर, असा देशवार अहवाल कर खात्यांना देतात. ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असली की तो द्यावाच लागतो. तो गोपनीय असतो. आपल्या कंपनी कायद्याखाली २०१८ पासून दहा टक्के किंवा त्याहून अधिक वाटा असलेला खरा लाभार्थी मालक नोंदवायचा असतो. या दोन गोष्टी कोणालाही सहज वाचता येतील अशा का नसाव्यात? सातबारा ऑनलाइन पाहता येतो. शेजारच्या शेताचा मालक कोण हे साऱ्या गावाला दिसते, मग शेजारच्या धरणाच्या, बंदराच्या, महामार्गाच्या कंत्राटदार कंपनीच्या वरच्या चार मजल्यांवर कोण राहते ते का दिसू नये? दुसरी मागणी अवघड आहे: धोकादायक उद्योगात, मजुरांच्या देण्यात आणि करात समूह एकच धरावा. ज्याच्या हातात ५०.९ टक्के, त्याच्या हातात जबाबदारीही. चांभार सालोमनला यातून काही होणार नाही, त्याची ढाल त्याच्याकडेच राहील.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या त्या बंद कारखान्यातून बारा सीलबंद कंटेनर निघाले. आत ३३७ टन विषारी कचरा होता, चाळीस वर्षे तिथेच पडलेला. पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, मध्ये रस्ता मोकळा करून दिलेला. जिथे तो जाळायचा होता त्या इंदूरजवळच्या पीथमपूरला लोकांनी विरोध केला, आंदोलने झाली, न्यायालयाने लक्ष घातले आणि जूनअखेर तो जाळून झाला. या कामासाठी १२६ कोटी रुपये लागले. ते केंद्र सरकारने दिले.